अब्रूची भाषा पुरे, आधाराचे श्रम वाटून घ्या

लैंगिक अत्याचाराची बातमी गावात पसरली की पहिला प्रश्न अत्याचार करणाऱ्याच्या घरी विचारला जात नाही. तो त्या स्त्रीच्या घरी विचारला जातो. ‘आता पुढे काय करणार?’ या प्रश्नात उत्तर बहुधा आधीच दडलेले असते. बोभाटा करू नका. थोरलीचे लग्न व्हायचे आहे, धाकटीचेही व्हायचे आहे. असा सल्ला देणारे परके नसतात. मामा असतो, काका असतो, शेजारी असतो, पोलीस पाटील असतो. आणि खेदाची गोष्ट ही की, कधीकधी पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षाचा स्थानिक पुढारीही त्यात असतो.

हा सल्ला मायेपोटी दिला जातो, असे त्याचे समर्थन केले जाते. माया खरीही असेल. परंतु तिचा लाभ अखेर कोणाच्या पदरात पडतो? अत्याचार करणारा दुसऱ्या दिवशी चौकात उजळ माथ्याने बसतो आणि ती स्त्री घराच्या मागल्या खोलीत कोंडली जाते. देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊंहून अधिक आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीतलेच असतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मौनाने चर्चा टळते. संकट मात्र त्याच गल्लीत, पुष्कळदा त्याच छपराखाली राहते.

जवळच्या माणसांनी अशा स्त्रीला आधार द्यावा, हे तत्त्वतः कोणीही नाकारणार नाही. वाद आहे तो आधार म्हणजे काय, याबद्दल. सर्वसाधारण समजूत अशी की, आधार ही भावना आहे. डोळ्यांत पाणी आले, पाठीवरून हात फिरवला, की ती पुरी झाली. वस्तुतः आधार म्हणजे श्रम. रात्र रात्र जागणे, रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे, पोलीस ठाण्याच्या बाकावर ताटकळणे, तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे, त्या दिवसाची मजुरी बुडवणे आणि हे सारे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे करीत राहणे. हे श्रम एकट्या घराने पेलायचे की समाजाने आणि राज्यसंस्थेने वाटून घ्यायचे, हा राजकीय प्रश्न आहे. त्याला बगल देऊन केलेल्या स्त्रीमुक्तीच्या ठरावांची किंमत कागदापुरतीच राहते.

लाखनीची एक रात्र

भंडारा जिल्ह्याला या प्रश्नाचा धडा २०२२ साली मिळाला आहे. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस गोंदिया जिल्ह्यात एका स्त्रीवर अत्याचार झाला. त्या अवस्थेत ती भंडारा जिल्ह्यात पोहोचली आणि तिला लाखनी पोलीस ठाण्यात आणण्यात आले. रात्र ठाण्यात गेली. सकाळी ती तिथून निघून गेली आणि त्यानंतर कारधा ठाण्याच्या हद्दीत तिच्यावर पुन्हा सामूहिक अत्याचार झाला. गावकऱ्यांना ती सापडली तेव्हा तिची प्रकृती चिंताजनक होती. अखेर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिला न्यावे लागले. पुढे विशेष तपास पथक नेमले गेले आणि कर्तव्यात कसूर केल्याबद्दल पोलीस अधिकाऱ्यांचे निलंबनही झाले.

निलंबन झाले ते योग्यच झाले. परंतु एखाद्या अधिकाऱ्याच्या कसुरीवर बोट ठेवून हा विषय मिटवता येणार नाही. त्या रात्री त्या स्त्रीजवळ घरचे कोणी नव्हते. राज्यसंस्था मात्र होती. आप्त जवळ नसताना आप्ताची जागा घेणे हेच राज्यसंस्थेचे काम. तिच्याजवळ एक बाई पहाटेपर्यंत बसून राहिली असती, तिला रुग्णालयात नेले गेले असते, ‘सकाळी कुठे जाणार, बरोबर कोण येणार’ एवढे विचारले गेले असते, तर पुढची घटना टळण्याचा संभव होता. त्यासाठी नवा कायदा लागत नव्हता. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा स्त्रीवर ताबडतोब मोफत उपचार केले पाहिजेत, ही तरतूद २०१३ पासून कायद्यात होती. निवारा, उपचार, समुपदेशन आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली देणाऱ्या ‘सखी’ केंद्रांची योजना २०१५ पासून होती. उणीव होती ती रात्रभर जवळ बसणाऱ्या माणसाची. अंदाजपत्रकात अशा माणसाला जागा नसते. कारण आधार हे काम आहे, हेच सरकारने मान्य केलेले नाही.

दाराबाहेरची माणसे

आप्त जवळ असले म्हणजे न्याय मिळतोच, असेही नाही. लाखांदूरपासून फार दूर नसलेल्या देसाईगंजचे, म्हणजे वडशाचे, नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते मथुरा प्रकरणामुळे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील त्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. तिच्याबरोबर आलेली माणसे दाराबाहेर उभी होती. आतले दिवे मालवले गेले, दार बंद झाले, तेव्हा त्यांनीच हाका मारल्या. बाहेर लोक जमले, ठाण्याला गराडा पडला, आणि त्या रेट्यामुळेच तक्रार नोंदवणे पोलिसांना भाग पडले. जमीन नाही, शिक्षण नाही, वकील नाही, अशा माणसांनी दिलेला तो आधार होता.

न्यायसंस्थेने त्या आधाराचे काय केले? १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, धाकाखाली गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून त्यांना शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण. दुसरे कारण अधिक क्लेशकारक: भाऊ आणि इतर जवळची माणसे तिथे असताना तिने त्यांच्याकडे धाव का घेतली नाही? म्हणजे तिची माणसे दाराशी उभी होती, हीच गोष्ट तिच्याविरुद्ध वापरली गेली. वर्दीपुढे मजुराची मुलगी कशी थिजते, हे त्या न्यायासनाला उमगले नाही. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८० साली देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवरील अत्याचारात संमती नव्हती असे गृहीत धरण्याचे आणि तिची ओळख गुप्त ठेवण्याचे तत्त्व तेव्हापासून कायद्यात आले.

कायदा बदलला, घराघरांतले न्यायासन बदलले का? ‘ओरडली का नाहीस?’, ‘तिथे गेलीसच कशाला?’, ‘दोन दिवस गप्प का बसलीस?’ हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या निकालातले आहेत, तसेच ते आजही आई-बापांच्या आणि नवऱ्यांच्या तोंडी आहेत. भीतीने शरीर थिजते, आठवणींचा क्रम विस्कटतो, बोलायला दिवस लागतात. जवळच्या माणसाने उलटतपासणी घेऊ नये. त्यासाठी आरोपीचा वकील आहे.

जवळच्यांचे कर्तव्य

मग जवळच्यांनी करायचे काय? पहिले काम विश्वास ठेवण्याचे, आणि तो शब्दांत सांगण्याचे: ‘तू बोललीस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही.’ दुसरे काम तिच्या वतीने निर्णय न घेण्याचे. अत्याचार म्हणजे तिच्या देहावरची तिची सत्ता हिसकावणे. त्यानंतर बाप, भाऊ किंवा नवरा तिला न विचारता सारे ठरवू लागले, तर तीच सत्ता दुसऱ्यांदा हिसकावली जाते. सज्ञान स्त्रीने तक्रार कधी करावी, कोणाला सांगावे, तपासणीला संमती द्यावी की नाही, हे तिने ठरवावे. माहिती आणि सोबत जवळच्यांनी द्यावी. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर मात्र २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे ‘घरच्यांचे ठरले नाही’ ही सबब चालत नाही.

तिसरे काम वेळेचे भान ठेवण्याचे. गर्भधारणा टाळणारी आणि एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे जितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आत, सुरू होतील तितकी बरी. म्हणून ठाण्याआधी रुग्णालय गाठले तरी काही बिघडत नाही. उपचारासाठी आधी गुन्हा नोंदवून या, असे रुग्णालय म्हणू शकत नाही. अंगावरचे कपडे न धुता कागदात किंवा कापडात गुंडाळून ठेवावेत. तिने अंघोळ केली असेल, तर ‘पुरावा घालवलास’ म्हणून तिच्यावर ओरडू नये. तपासणी तरीही होऊ शकते. ‘दोन बोटांची’ चाचणी करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले आहे. हे सोबत जाणाऱ्याला माहीत असेल, तर दवाखान्यातल्या अवमानाला तो तिथल्या तिथे हरकत घेऊ शकतो.

चौथे काम कायदा हातात धरून ठाण्यात जाण्याचे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, समोरच्या ठाण्याने तो नोंदवलाच पाहिजे. बलात्काराचा गुन्हा नोंदवण्यास नकार देणारा पोलीस अधिकारी स्वतः तुरुंगवासास पात्र ठरतो. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आहे. आणि तो आई-वडील, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातील सामाजिक कार्यकर्ता यांच्या उपस्थितीत. हे शेवटचे शब्द कार्यकर्त्यांनी अधोरेखित करून ठेवावेत. नातेवाईक घाबरलेले असतील, किंवा आरोपी घरातलाच असेल, तेव्हा त्या खोलीत बसण्यासाठी कायद्याने कार्यकर्त्यालाही जागा दिली आहे. ती रिकामी ठेवण्याचा दोष सरकारवर टाकता येणार नाही.

मजुरी कोण देणार?

यापुढे खरा पेच सुरू होतो. वरील सारी कामे वेळ मागतात, आणि वेळ ज्याच्या मालकीचा नाही त्याने ती कशी करावीत? भंडारा जिल्ह्यातील कष्टकरी स्त्री रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेली असते, उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी जंगलात असते, उरलेल्या दिवसांत विड्या वळते. तिची आई आणि बहीणही तिथेच असतात. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या खेड्यातून भंडाऱ्याला तारखेसाठी जायचे म्हणजे दोघींची दिवसाची मजुरी आणि वर प्रवासखर्च. साक्षीदार आला नाही, वकील आला नाही, म्हणून तारीख पुढे ढकलली की सारा दिवस पाण्यात. तपास आणि खटला प्रत्येकी दोन महिन्यांत संपवण्याची मुदत कायद्यात लिहिलेली आहे. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना तिची खरी लांबी ठाऊक आहे. मग गरीब घर खटला अर्ध्यावर सोडते आणि शहाणी माणसे म्हणतात, ‘बघा, तक्रारच खोटी होती.’

आणखी एक गोष्ट. ज्याच्या शेतावर मजुरी, त्याच्याच मुलावर आरोप असेल तर? ज्याच्याकडून विड्यांची पाने मिळतात, तोच आरोपी असेल तर? अशा वेळी साक्ष देणे म्हणजे पोटावर पाय आणि जिवावर संकट. खैरलांजीचा इतिहास फार जुना नाही. सप्टेंबर २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातील मायलेकी एका आप्तासारख्या माणसाला झालेल्या मारहाणीत साक्षीला उभ्या राहिल्या. त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबरला, त्या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप न्यायालयात टिकला नाही. पहिल्या शवविच्छेदनातील हलगर्जीपणावर तेव्हाच तीव्र टीका झाली होती. अत्याचार प्रतिबंधक कायदाही न्यायालयाने लागू मानला नाही. कुटुंबातून मागे राहिलेले भय्यालाल भोतमांगे दशकभर न्यायासाठी झगडत २०१७ साली वारले. दुसऱ्याच्या बाजूने उभे राहण्याची किंमत एकट्या घराकडून वसूल केली जाते, तेव्हा गावातले दुसरे कोणतेही घर पुढे येण्यास धजत नाही. दहशतीचा हेतूच तो असतो.

म्हणूनच ‘कुटुंबाने आधार द्यावा’ हा उपदेश अपुरा, आणि सरकारच्या तोंडी तर ढोंगीपणाचा आहे. राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे. अर्थसाहाय्य आणि पुनर्वसन हा तिचा हेतू. ते साहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, कागदपत्रे आणि हेलपाटे यांच्या पलीकडे असते. मदत लागते ती पहिल्या आठवड्यात, चूल विझते तेव्हा.

तडजोड आणि फाशी

आधाराचे श्रम टाळण्याच्या दोन वाटा समाजाने शोधून काढल्या आहेत. एक तडजोडीची. २००७ पासून गावोगावी तंटामुक्त समित्या आल्या. बांधाचे आणि भाऊबंदकीचे तंटे त्यांनी जरूर मिटवावेत. परंतु पैसे घेऊन गप्प बसा, नाहीतर मुलीचे त्याच्याशीच लग्न लावून द्या, असली ‘शांतता’ बलात्काराच्या गुन्ह्यात बेकायदा आहे. अशा गुन्ह्यांत तडजोडीला थारा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. अपराध्याच्या घरी तिला आयुष्यभर धाडणे ही शिक्षा तिलाच दिलेली आहे.

दुसरी वाट फाशीची, आणि ती चळवळीतल्यांनाही मोहात पाडते. मोठा मोर्चा निघतो, फाशीची मागणी होते, छायाचित्रे छापून येतात आणि आठ दिवसांत मैदान रिकामे होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२१ साली मृत्युदंडाची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही. विधेयकाला टाळ्या पडल्या आणि पुढच्याच वर्षी लाखनीची ती रात्र उजाडली. फाशीची घोषणा करायला सरकारला खर्च येत नाही. प्रत्येक तालुक्यात रात्रपाळीची समुपदेशक नेमायला येतो. आरोपी बहुधा ओळखीतला, कधी घरातला असतो. ‘तुझ्या बोलण्याने काका फासावर जाईल’ हे ऐकवल्यावर किती मुली बोलतील, याचाही विचार फाशीवाद्यांनी करावा.

मोर्चा काढूच नये, असा याचा अर्थ नाही. १९८० च्या मोर्च्यांनीच कायदा बदलला. मात्र मोर्चा तिच्यासाठी आहे की तिच्या नावावर आहे, हे तपासले पाहिजे. तिचे नाव, गाव किंवा छायाचित्र फलकावर आणणे हा गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की, तो विश्वासघात आहे. तिच्या दारात पुढाऱ्यांच्या मोटारींची रांग लागते, तिला तीच हकिगत दहांदा सांगावी लागते, आणि तारखेच्या दिवशी मात्र त्यांपैकी एकही पुढारी न्यायालयात नसतो. ही सांत्वनाची लूट आहे.

शाखांपुढील काम

भंडारा जिल्ह्यात तालुके सातच. प्रत्येक तालुक्यात विश्वासाच्या पाच जणी आणि त्यांच्या मदतीला दोन-चार पुरुष, एवढे बळ उभे करणे कोणत्याही जिवंत शाखेला अशक्य नाही. कोणत्या रुग्णालयात चोवीस तास तपासणी होते, ‘सखी’ केंद्रात रात्री दार कोण उघडते, विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज कसा भरायचा, हे त्यांनी आधीच पाहून ठेवावे. रात्रीचे बसणे आणि तारखेचे जाणे पाळीने वाटून घ्यावे. बुडालेल्या मजुरीसाठी शाखेचा फंड असावा. संपाच्या काळात गिरणी कामगारांच्या घरी धान्य पोहोचवणाऱ्या चळवळीला हे नवे नाही. साक्षीदाराला काम नाकारले गेले, तर तो साऱ्या मजुरांचा प्रश्न मानून उभे राहावे. आणि आरोपी आपल्याच पक्षाचा निघाला, तर बैठकीत सारवासारव न करता त्याला पदावरून दूर करून चौकशीस सामोरे जायला लावावे. इथे जो पक्ष कचरतो, त्याने स्त्रियांच्या सभेत भाषण करू नये.

सरकारकडे मागण्याही नेमक्या हव्यात: प्रत्येक ठाण्यात रात्रीही महिला अंमलदार, ग्रामीण रुग्णालयात तपासणीची पूर्ण सोय, ‘मनोधैर्य’ची पहिली रक्कम विनाविलंब, आणि तारखेला येणाऱ्या स्त्रीला व तिच्या सोबतिणीला प्रवासखर्चासह दिवसाची मजुरी.

अब्रू ही स्त्रीच्या देहात ठेवलेली घराण्याची ठेव आहे, ही सरंजामी कल्पना जोवर मनात आहे तोवर तिचे आप्त तिच्यापेक्षा त्या ठेवीचीच राखण करतील. अब्रू जाते ती अत्याचार करणाऱ्याची, त्याला पाठीशी घालणाऱ्या गावाची, आणि दारावर थाप पडूनही न उठणाऱ्या शाखेची. देसाईगंजच्या ठाण्याबाहेर १९७२ साली जमलेल्या मजुरांजवळ ना फंड होता, ना कायद्याचे कलम. तरी ते हलले नाहीत. आज कलमे आहेत, योजना आहेत, पक्षाच्या शाखाही आहेत. त्या मजुरांइतका वेळ दाराशी उभे राहण्याची तयारी कितींची आहे, याचे उत्तर शाखांनी द्यायचे आहे.